भरलेलं चर्च

नावं आम्ही श्रावणात लिहून घेतली होती. चूक झाली ती तिथेच, पण तेव्हा ती कोणाच्या ध्यानात आली नाही.

आमच्या जळगावच्या मंडळीची एक रीत आहे. डोंगरातल्या चर्चमध्ये येणाऱ्या मुलांची नावं आणि वयं पावसाळ्यात जाऊन आणायची. मग एका रविवारी उपासना सुटल्यावर चिठ्ठ्या टाकायच्या. ज्या घराला ज्या मुलाचं नाव निघेल, त्या घराने त्या मुलासाठी कापडी पिशवी भरायची. स्वेटर, वह्या, पेन्सिली, साबण, फणी, खोबरेल तेलाची बाटली, थोडा खाऊ, एखादं खेळणं. पिशवीवर रंगाने त्या मुलाचं नाव घालायचं. नाताळाच्या तोंडावर गाडी भरून वर जायचं आणि ज्याची पिशवी त्याच्या हातात द्यायची. घाऊक बिस्किटाचे पुडे वाटण्यापेक्षा हे बरं. आपलं नाव कोणीतरी परक्या माणसाने मोठ्याने घेतलं, याचं त्या मुलांना फार अप्रूप असतं.

त्या वर्षी पिंपळनेरच्या वरच्या अंगाची दोन गावं आम्ही पहिल्यांदाच घेतली होती. चिंचमाळ आणि आंबाखोरी. आमच्या कमिटीचे सेक्रेटरी हितेंद्र आणि मी असे दोघे श्रावणात जाऊन आलो. भात लावून झाला होता, सगळी माणसं घरी होती. दोन्ही चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. आंबाखोरीला तर पोरं खिडकीत चढून बसली होती.

तिथेच भिकुबाई भेटली. उपासना संपल्यावर ती आमच्या पुढ्यात येऊन बसली. शेजारी तिची नात, रिबका, आठ-नऊ वर्षांची. रिबकाच्या काखेत तिचा तान्हा भाऊ. सबंध उपासनाभर त्या पोरीने त्याला खाली ठेवलं नव्हतं. एका बाजूला कलून उभं राहायची तिला सवयच झाली होती.

भिकुबाई म्हणाली, "भाऊ, दिवाळी झाली का मुकादमचा ट्रक येस. पोरगा आणि सून कोयता घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जातात, ते होळीच्या सुमाराला येतात. बांधावर या तान्ह्याला कोणीतरी धरायला लागतं. मी गेले तर ही घरात एकटी. ही गेली तर हिची शाळा जाते. एकट्या पोरीला घरात कसं ठेवू? म्हणून हीच जाते. तुमी अठे पोरेसले राहाले घर बांधा. मी जाईन उसाला. ही शाळेत राहील."

हितेंद्र म्हणाले, "बघू, अक्का. कमिटीपुढे ठेवतो."

ते त्यांनी खरंच ठेवलं. एका वसतिगृहापुरते पैसे कमिटीकडे आलेले होते, एकाच. चिंचमाळला बांधायचं की आंबाखोरीला, हे नाताळाच्या फेरीत दोन्ही गावं पुन्हा पाहून हितेंद्रांनी सांगायचं ठरलं.

भिकुबाईने तोंडाने सांगितलं होतं की दिवाळीनंतर पोरं गावात नसतात. आम्ही ते ऐकलं, मान हलवली, वसतिगृहाचा विचार केला. पण मग नाताळाला पिशव्या कोणाला देणार, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते बोलणं वेगळं आणि हे काम वेगळं, असंच आम्ही धरून चाललो. नाताळ डिसेंबरात येतो, पिशव्या डिसेंबरात न्यायच्या.

आमच्या घराला रिबकाचंच नाव निघालं. माझ्या सुनेने, दिपमालाने विचारलं, "नाना, केवढी आहे ती?" मी कमरेपाशी हात धरून दाखवला. तिने मेंदीच्या रंगाचा स्वेटर विणला. म्हणाली, पुढच्या वर्षीही बसला पाहिजे, म्हणून दोन बोटं जास्त धरलीत.

डिसेंबरात आम्ही निघालो. गाडी नशिराबादच्या खाजाची. तो आमच्या मंडळीतला नाही, पण दर वर्षी नाताळाची फेरी त्याचीच असते. धुळ्यापर्यंत तो काही बोलला नाही, रात्रीचं भाडं मारून आला होता. साक्रीला चहा झाल्यावर तो खुलला.

"नाना, सांताक्लॉजला लायसन लागतं का हो?"

"का रे?"

"नाही, गाडी मी चालवतो, डिझेल मी भरतो, पंक्चर मी काढतो. नाव त्या दाढीवाल्याचं."

हितेंद्र हसले. "मग या खेपेला लाल टोपी तूच घाल."

"घालतो. पण फोटो काढू नका. घरी बायको विचारेल, ही कोणती नवी जमात काढली."

पिंपळनेर सोडल्यावर रस्ता चढायला लागला. साग उघडे पडलेले, गवत कापून नेलेलं. हवा इतकी थंड होती की खाजाने काच वर केली. वाटेत पाडे लागत होते, घरांना बाहेरून कड्या. काही दारांपुढे काटेरी झाप आडवे टाकलेले. मी हितेंद्रांना म्हणालो, "माणसं दिसत नाहीत." ते म्हणाले, "कामाला गेली असतील." गेली होतीच. फक्त त्या दिवसापुरती नव्हे.

चिंचमाळला दुपारच्या आधी पोहोचलो. पाळक म्हातारे होते. चर्चच्या ओट्यावर उन्हाला बसले होते. गाडी पाहून उठले, सलाम केला आणि पहिलं वाक्य हेच बोलले, "साहेब, बठ्ठा पोरे उसमा गयात."

आत म्हातारी माणसं होती आणि उसाला न गेलेली थोडी मुलं. एकाचा पाय अधू, एक आजारातून उठलेला, दोघी बहिणी आईच्या बाळंतपणामुळे मागे राहिलेल्या. मी पिशवीवरचं नाव वाचायचो आणि म्हातारी माणसं सांगायची, "गुजरात." पुढची पिशवी. "गुजरात." मी वाचायला उशिरा शिकलेला माणूस, अक्षर धरून धरून वाचतो. त्यामुळे प्रत्येक नाव जरा जास्तच वेळ हवेत राहत होतं. शेवटी हितेंद्रांनीच माझ्या हातावर हात ठेवला. "नाना, राहू द्या. जी आहेत त्यांना देऊ. बाकीच्या होळीपर्यंत पाळकांकडे ठेवू."

परत गाडीत बसल्यावर त्यांनी चर्चच्या ओट्याकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाले, "वसतिगृह म्हणजे काय ते मला आज कळलं. कागदावर कळत नव्हतं."

"आंबाखोरीलाही असंच असणार," मी म्हणालो.

"असणार. मग निवडायचं कसं?"

पण आंबाखोरीला तसं नव्हतं.

गाडीचा आवाज ऐकूनच आतून गाणं सुरू झालं. दारावर कागदी पताका, आंब्याच्या डहाळ्या, बांबूचा मोठा तारा. आणि चर्च भरलेलं. पुढच्या सगळ्या पट्ट्या पोरांनी भरलेल्या, तेल लावून भांग पाडलेली पोरं. मागे बाया, भिंतीला टेकून म्हातारी माणसं. पाळक प्रेमराज दारात उभा होता. तिशी-पस्तिशीचा, घामाघूम झालेला. एवढ्या थंडीत त्याला घाम कसला, असं माझ्या मनात आलं.

हितेंद्रांचा चेहरा उजळला. "अरे वा! प्रेमराज, इथली पोरं गेली नाहीत?"

प्रेमराज हसला. "काहींचे आईबाप गेले साहेब. पोरं मागे ठेवली. आजी-आजोबा आहेत ना."

"शाब्बास. हेच हवं."

प्रार्थना झाली. पोरं गाणं म्हणाली. दोन-चार जणांनाच शब्द येत होते, बाकीची तोंड हलवत होती. मग पिशव्या आत आल्या आणि मी नावं वाचायला लागलो.

पहिलं नाव घेतलं. कोणी उठलं नाही. प्रेमराजने मधल्या रांगेतल्या एका पोराच्या खांद्याला हात लावला, तेव्हा तो उठला. दुसरं नाव घेतलं. पुन्हा तसंच. पोरं लाजत असतील, असं मी समजलो. पण आपल्या नावाला पोर लाजतं ते वेगळं. ते ऐकल्याबरोबर आधी मान वर करतं आणि मग लाजतं. इथे मान कोणी वरच करत नव्हतं.

मग रिबकाची पिशवी हाताला लागली.

"रिबका," मी वाचलं आणि मुद्दाम इकडे तिकडे पाहिलं. ती पोर माझ्या ओळखीची होती.

प्रेमराजने जिला उठवलं ती रिबका नव्हती. तिच्यापेक्षा लहान, गोल चेहऱ्याची, कपाळावर गोंदलेला ठिपका. ती पुढे आली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली, सरळ उभी. तिने पिशवी उघडली आणि लगेच स्वेटर अंगात घातला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला, हात बाह्यांमध्ये बुडाले. पोरं हसायला लागली. तीही हसली आणि रिकाम्या बाह्या हलवून दाखवल्या. हितेंद्रांनी फोटो काढला.

मी भिंतीकडे पाहिलं. भिकुबाई तिथे बसली होती. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. बोलू नका, असं.

मी बोललो नाही. उरलेली नावं वाचली. प्रत्येक नावाला कोणीतरी उठत गेलं.

सगळ्या पिशव्या वाटून झाल्यावर हितेंद्र उभे राहिले. ते भाषण करणारे नाहीत, पण त्या दिवशी त्यांचं मन भरून आलं होतं.

"आज सकाळी आम्ही चिंचमाळला होतो," ते म्हणाले. "तिथे चर्च ओस पडलंय. पोरं गुजरातेत उसाच्या फडात आहेत. फार वाईट वाटलं. इथे आलो आणि जीव थंड झाला. आंबाखोरीची माणसंही उसाला जातात, पण पोरांना मागे ठेवून जातात. म्हातारी माणसं त्यांना सांभाळतात. परमेश्वराचे उपकार आहेत. आमच्या कमिटीला एक वसतिगृह बांधायचं आहे. कुठे बांधायचं, याचा माझ्या मनावर भार होता. तो तुम्ही उतरवला. तुम्हाला त्याची गरज नाही. ते चिंचमाळला जाईल. तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

प्रेमराजचा हात टेबलाच्या कडेवर होता. तो तिथेच राहिला. पोरांना काही कळलं नव्हतं, ती पिशव्यांत हात घालून बसली होती. मागच्या म्हाताऱ्या माणसांत थोडी कुजबुज झाली. कोणीतरी आपल्या बोलीत कोणाला तरी समजावून सांगत होतं. मग भिकुबाई भिंतीला धरून उठली.

"भाऊ, ती रिबका नही शे," ती म्हणाली.

हितेंद्रांना समजलं नाही. "काय, अक्का?"

"मनी नात उसमा जायेल शे. ही पोर पलीकडच्या पाड्याची. ही बठ्ठी पलीकडची. आमची पोरं चिंचमाळवाल्यांसारखीच गेलीत. एकाच मुकादमच्या ट्रकमध्ये गेलीत." ती थांबली, दम घेतला. "घर अठे बांधा. आमले लागस."

हितेंद्रांनी प्रेमराजकडे पाहिलं.

"खरं आहे?"

प्रेमराज म्हणाला, "हो साहेब."

"का?"

तो जे बोलला ते आमच्याकडे न बघता बोलला. "आधी एक दुसरी संस्था यायची. एका नाताळाला आली तेव्हा आत ही म्हातारी माणसंच होती. त्यांनी फोटो काढला, म्हणाले इथे मंडळीच उरली नाही. पुन्हा आले नाहीत. चर्चच्या छताला पत्रेही तेच देणार होते, ते पत्रे दुसऱ्या गावाला गेले. मला वाटलं, तुम्हीही रिकामं पाहिलं तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "पलीकडच्या पाड्याला बंधाऱ्याचं पाणी आहे. ते उसाला जात नाहीत. त्यांच्या पाया पडून पोरं मागून आणली. ते डोंगऱ्यादेवाला मानणारे, चर्चमध्ये येत नाहीत. तरी आले, शेजारधर्म म्हणून."

"आणि या सगळ्यांना माहीत होतं? नाना, तुम्हाला?"

"पोर पाहिल्यावर कळलं," मी म्हणालो. "आत्ताच."

हितेंद्र लाल झाले होते. त्यांचा आवाज चढला नाही, पण तो चढला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "या मंडळीची खरी पोरं कोणती, ती उभी राहा."

तीन पोरं उभी राहिली. एक तर इतकं लहान होतं की त्याच्या आजीने त्याला उचलून दाखवलं.

आता मागे बसलेल्या पलीकडच्या बायांना सगळा प्रकार कळला. त्यातली एक पुढे आली. धिप्पाड बाई, डोक्यावर पदर घट्ट आवळलेला. ती प्रेमराजला म्हणाली, "तुमी बोलावलं म्हणीसन वनूत. आमना पोरे भिकारी नही शेतस." आणि आपल्या पोराच्या हातातली पिशवी घेऊन तिने टेबलापुढे ठेवली. फेकली नाही, नीट ठेवली.

"बाई, राहू द्या," हितेंद्र म्हणाले. "पोरांना दिलं ते दिलं. मी त्याबद्दल बोलत नाही."

"नाव दुसरानं शे वर. आमले नको."

तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. पिशव्यांचा ढीग व्हायला लागला. एका पोराने तोंडात टाकलेली गोळी त्याच्या आईने बोटाने काढली. पोरं रडायला लागली. गोल चेहऱ्याच्या त्या पोरीची आई तिचा स्वेटर काढत होती, पण गळा अरुंद होता आणि तो पोरीच्या डोक्यात अडकला. आतून तिचा रडण्याचा आवाज येत होता. बाईने तो ओढूनच काढला. पोरीचे तेल लावलेले केस सगळे उभे राहिले. स्वेटर ढिगावर पडला.

मी खाली वाकून तो उचलला आणि पुन्हा त्या पोरीपुढे धरला. "घे, माय. थंडी आहे." तिने आईकडे पाहिलं. आईने तिला दंडाला धरून नेलं.

थोड्या वेळात चर्च रिकामं झालं. टेबलापुढे पिशव्यांचा ढीग, भिंतीला म्हातारी माणसं, ती तीन पोरं आणि आम्ही. बाहेर सगळ्यांसाठी भात आणि उडदाची आमटी शिजवून ठेवली होती. खाजा चुलीजवळ बसला होता. त्याने आतलं सगळं ऐकलं होतं. तो मला म्हणाला, "नाना, आमच्याकडे लग्नात वऱ्हाड कमी पडलं तर शेजारची माणसं बोलवतात. मुलीकडच्यांना राग येत नाही त्याचा. जेवतात आणि जातात."

"हे लग्न नाही रे."

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

हितेंद्र गाडीपाशी जाऊन उभे राहिले होते. भिकुबाई त्यांच्यामागे गेली. मीही गेलो. ती त्यांच्या समोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, मीबी खोटं बोलले. गप बसले म्हणजे बोललेच. मला काय म्हणायचं ते म्हणा. पण घर तेवढं बांधा. त्या पोरीची पाठ वाकडी झाली तान्ह्याला धरून. तिच्या वर्गाची पोरं पुढे गेली, तिला मागच्या बाकावर बसवतात."

हितेंद्र डोंगराकडे बघत होते. माणूस वाईट नाही तो, मी त्यांना पुष्कळ वर्षं ओळखतो. पण फसवलं गेल्याचं त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"अक्का," ते म्हणाले, "आज सकाळी एका म्हाताऱ्या पाळकाने मला दारातच सांगितलं की पोरं नाहीत. त्याच्याकडे मला दाखवायला काही नव्हतं. त्याने रिकामं चर्च दाखवलं. तुमच्याकडेही तेच होतं. तेच दाखवलं असतं तर दोन्ही गावांचा वाद मी कमिटीपुढे मांडला असता आणि तुमच्या बाजूने बोललो असतो. रिबकाचा चेहरा माझ्या लक्षात राहिला नव्हता, पण तिच्याबद्दल तुम्ही सांगितलेलं मी विसरलो नव्हतो. आता मी जे पाहिलं ते सांगणार. सगळं सांगणार."

"सांगा," भिकुबाई म्हणाली. "हेबी सांगा का ती पोर उसमा शे."

"सांगेन."

आम्ही निघालो तेव्हा प्रेमराज गाडीपर्यंत आला नाही. तो पिशव्या उचलून आतल्या खोलीत नेत होता. होळीला पोरं आल्यावर देईन, एवढंच मला म्हणाला.

जानेवारीत कमिटी बसली. हितेंद्रांनी शब्द पाळला. चिंचमाळ सांगितलं, आंबाखोरी सांगितलं, भिकुबाईचं म्हणणंही सांगितलं. आपल्या मनाचं काही मिसळलं नाही. ते बसल्यावर मी उठलो. मला बोलण्याची सवय नाही. मी म्हणालो, की माणूस भुकेला असला की पोट भरलेलं दाखवतो, पाहुण्यापुढे तर नक्कीच दाखवतो. प्रेमराजने तेच केलं. त्याला वाटलं, जिथे आधीच काही आहे तिथेच लोक देतात. आणि त्याला असं वाटायला लावणारी आपल्यासारखीच माणसं होती. नावं आपण पावसाळ्यात लिहिली आणि पिशव्या हिवाळ्यात नेल्या, ती चूक आपली. आपण पोरं मागायला गेलो म्हणून त्याला पोरं आणावी लागली.

काही जणांनी माना हलवल्या. मग कमिटीतले योगेंद्र, जे हिशेब बघतात, ते शांतपणे म्हणाले, "नाना, तुमचं खरं असेल. पण जो माणूस एका दुपारच्या कार्यक्रमाला पोरं उसनी आणतो, तो वसतिगृहाच्या तपासणीलाही आणेल. तेव्हा आपण काय करायचं?"

मला याचं उत्तर द्यायचं होतं. मी उभाच होतो. आणणार नाही, असं मी म्हणू शकलो असतो. पण ते मला माहीत नव्हतं. मी प्रेमराजला दोनदाच भेटलो होतो. मी खाली बसलो.

वसतिगृह चिंचमाळला गेलं. आंबाखोरीची मुलं तिथे घेता येतील का, असं मी विचारलं. खोल्या दोनच निघतील, आधी त्या गावची मुलं, असं ठरलं.

प्रेमराजला कळवायचं काम मी अंगावर घेतलं. दुसऱ्याने कळवण्यापेक्षा बरं. डोंगरात फोन लागायला वेळ लागतो, तो टेकडीवर चढला की लागतो. लागला तेव्हा वाऱ्याचा आवाज येत होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं, नाना." पुन्हा म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "भिकुबाई आहे सोबत. रोज येते माझ्याबरोबर वर, निरोप आला का बघायला. तिला तुम्हीच सांगा. माझ्याने होणार नाही."

फोन तिच्या हातात गेला.

"अक्का," मी म्हणालो, "नाही झालं."

वारा ऐकू येत राहिला. मला वाटलं, फोन उलटा धरला असेल, म्हणून मी पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"ऐकू आलं, भाऊ," ती म्हणाली. "पहिल्यांदाच आलं."

"पुढच्या वर्षी पुन्हा मांडू. मी आहे."

"पुढच्या वर्षी ती केवढी होईल." मग जरा थांबून, शेजाऱ्याशी शेताबद्दल बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "मी आते तठेच, उसाला, जासू. मुकादमचा माणूस येणार आहे सोमवारी, तोडायला माणसं कमी पडली म्हणून. त्याच्या गाडीत बसते. तान्ह्याला मी धरीन. तिले निजू तरी देसू."

"आणि घर?"

"घराला कडी घालीन."

"पण शाळा, अक्का? तुम्ही गेलात म्हणजे ती परत येईल असं नाही ना."

"नाही. कुठे येईल? इथे कोण आहे?"

तिने फोन प्रेमराजकडे दिला. तो काही सांगेल म्हणून मी थांबलो. खाली कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

"नाना," तो म्हणाला, "ही गेली की उपासनेला चार जण राहतील."

रेंज गेली आणि फोन बंद पडला. मी पुन्हा लावला, पण तोवर ती दोघं टेकडी उतरायला लागली असावीत.